कॉटन मार्केटजवळच्या रेडिएटरवाल्या दादांचे आभार

४ डिसेंबर, नौदल दिन. सोसायटीत बाबांचा सत्कार होता. १९७१ साली ते जुन्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेच्या बॉयलर रूममध्ये होते. सोबत न्यायला त्यांनी स्वतः घडवलेली लाकडी विक्रांत घेतली होती. ऑटो खड्ड्यात आदळला आणि तिचा पितळी शाफ्ट पंख्यासकट निखळला. बाबा गप्पच झाले.

समोर रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रकची कामं खोळंबलेली, तरी दादा म्हणाले, "काका, बसा नं. होते." लाकूड जळू नये म्हणून त्यांनी ओलं फडकं गुंडाळलं, मग डाग देऊन शाफ्ट जोडला, कानस मारली. आम्हाला वाटलं, झालं. तर विचारतात, "पंखा फिरला पाहिजे नं?" तेलाचा थेंब सोडला, बोटाने फिरवून पाहिला.

तिथे बाबा बोलते झाले. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, तरी उरलेल्या तिनांवर विक्रांत बंगालच्या उपसागरात लढली, वगैरे. (आम्हाला पाठ आहे.) दादांनी गॅस बंद करून सगळं ऐकलं. "मंग चौथ्याचं काय केलं, काका?"

पैसे घेतले नाहीत. नाव विचारायचं राहिलंच. सत्कारात बाबांनी शालीपेक्षा त्या डागाचंच जास्त कौतुक केलं.

दादा, मनापासून आभार. पंखा अजून फिरतो.