संशोधनाला मंजुरी कुणाची, हे वस्तीला कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य आणि समाजजीवन या विषयांवर आपल्या हद्दीत जी मंजूर संशोधने चालू आहेत, त्यांची यादी नवी मुंबई आणि ठाणे महापालिकांनी लोकांसाठी खुली करावी, ही मागणी घेऊन मी हे पत्र लिहीत आहे. मी नवी मुंबईच्या नागरी आरोग्य केंद्रांत एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका होते. तुर्भे स्टोअर्स, चिंचपाडा, यादवनगर, दिघा या वस्त्यांत लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, क्षयरोग्यांच्या गोळ्या हे करत नोकरी संपली. आता ऐरोलीत राहते. वस्तीतल्या बायका अजूनही फोन करतात, आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो : "सिस्टर, टॅब घेऊन मुली आल्यात, आधार नंबर मागतायत, द्यायचा का?" कोण आले आहे हे मलाही ठाऊक नसते, आणि आमच्या केंद्रातल्या आशाताईंनाही नसते.

मागणी सुचली ती मलावीमुळे. माझ्या बहिणीची मुलगी त्या देशात, लिलाँग्वे शहरात, एका आरोग्य संशोधन प्रकल्पात माहिती व्यवस्थापनाचे काम करते. मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला लहान देश. 2018 च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटी, म्हणजे 2011 मधल्या अविभाजित ठाणे जिल्ह्याच्या सुमारे दीडपट. देश गरीब आहे. तरी तिथे संशोधनाच्या मंजुरीची घडी नीट बसलेली आहे. वर राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान आयोग. आरोग्यविषयक अभ्यासांसाठी एक राष्ट्रीय समिती, आणि सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांसाठी वेगळी राष्ट्रीय समिती. ब्लँटायरच्या वैद्यकीय महाविद्यालयाची आणखी एक समिती आहे. ते महाविद्यालय 2021 पासून कमुझू आरोग्यविज्ञान विद्यापीठाचा भाग झाले. मला विशेष वाटले ते सामाजिक शास्त्रांच्या समितीचे. तिथे रक्त काढायचे नसेल, गोळी द्यायची नसेल, नुसते प्रश्न विचारायचे असतील, तरी मंजुरी लागते.

मंजुरीचे पत्र हाती आले की लगेच घरोघर फिरता येते असेही नाही. भाचीच्या गटाला ते पत्र आधी जिल्हा परिषदेत दाखवावे लागले, मग त्या भागाच्या पारंपरिक प्रमुखाकडे जावे लागले, मग गावच्या मुखियाकडे. त्यानंतर घराचा उंबरठा. मंजूर झालेल्या अभ्यासांची यादीही तिथे जाहीर होते. भाचीने ती मला फोनवर वाचून दाखवली : हिवताप, एचआयव्ही, किशोरवयीन मुलींचे शिक्षण, शेतकरी कुटुंबांचा आहार. प्रत्येकाचे नाव, प्रत्येकाचा मुख्य संशोधक. आपल्या दिघ्यात किंवा कळव्यात या घडीला कुठले अभ्यास चालू आहेत, हे असे वाचून दाखवणारे कुणी आहे का?

ही काळजी त्या खंडाने फार मोठी किंमत मोजून शिकली आहे. 1996 मध्ये नायजेरियातल्या कानो शहरात मेंदूज्वराची साथ होती. तिथे फायझर कंपनीने एका नव्या प्रतिजैविकाची चाचणी 200 मुलांवर घेतली. त्यातली 11 मुले दगावली. पाच नव्या औषधाच्या गटातली, सहा जुन्या औषधाच्या. मृत्यू औषधामुळे नव्हे तर आजारामुळे झाले, असे कंपनीचे म्हणणे होते. पण रुग्णालयाच्या नैतिक समितीची (अभ्यासात भाग घेणाऱ्यांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी म्हणून जे पत्र दाखवले गेले, ते मागाहून लिहून आधीची तारीख टाकलेले निघाले. 2009 मध्ये कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. दरम्यान 2003 साली त्याच भागात लोकांनी पोलिओच्या लसीवर बहिष्कार टाकला होता. त्याला इतर कारणेही होती, पण चाचणीची आठवण त्यांत होतीच. गोवर-रुबेलाच्या मोहिमेत आमच्या तोंडावर दारे लागली आहेत. विश्वास एकदा गेला की पुढची दहा वर्षे तो गळ्यात पिशवी अडकवून फिरणाऱ्या सिस्टरला भरून काढावा लागतो.

खुद्द मलावीत 2017 मध्ये रक्त शोषणारे लोक फिरतात अशी अफवा उठली. मुलांजे आणि फालोम्बे या जिल्ह्यांत जमावाने संशयावरून माणसे मारली आणि संयुक्त राष्ट्रांनी आपले कर्मचारी तिथून हलवले. हे वाचून नाक मुरडायचे आपल्याला कारण नाही. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 2018 रोजी, आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले गेले. अनोळखी माणूस दारात येतो, तो कोण हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग अफवा त्याची ओळख ठरवते. सर्व्हे करायला फिरणाऱ्या विशी-बाविशीच्या मुलींच्या जिवाचाही हा प्रश्न आहे.

आता आपण आफ्रिकेचे जे देणे लागतो त्याबद्दल थोडे लिहू द्या, कारण तिथले संशोधन म्हणजे दूरचा विषय असे बऱ्याच जणांना वाटते. मी वस्तीत काम करत असताना एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईसाठी आमच्या हातात एकच गोष्ट होती : नेविरापिन. कळा सुरू झाल्या की आईला एक गोळी, आणि बाळाला जन्मल्यापासून 72 तासांच्या आत थेंब. एवढ्याने आईकडून बाळाला होणारी लागण जवळपास निम्म्यावर येते, हे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या युगांडातल्या अभ्यासाने दाखवले. कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्या बायकांनी त्यात भाग घेतला होता. बाळंतपणासाठी गावी निघालेल्या बाईला ती गोळी कशी जपायची, कळा आल्यावर सासूसमोर ती कशी घ्यायची, हे मी कुजबुजत समजावले आहे. गोळी ब्लाऊजच्या आत शिवलेल्या छोट्या खिशात ठेवून गेलेली एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मग 2011 मध्ये मलावीने आणखी धाडस केले. रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजणारी यंत्रे सगळीकडे पोहोचत नाहीत, तेव्हा अहवालाची वाट न बघता एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला लगेच आणि आयुष्यभरासाठी औषध सुरू करायचे, असे त्यांनी ठरवले. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत उचलून धरली आणि पाठोपाठ आपल्याकडेही ती आली. आमच्या एका गोळीच्या जागी रोजचे औषध आले. मी तपासणीला पाठवलेल्या कितीतरी बायकांची मुले आज निरोगी आहेत. हिवतापाचेही तेच. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती आर-21 लस बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियातल्या मुलांवर तपासली गेली आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिथल्या आयांनी अनोळखी माणसांना दार उघडले म्हणून हे झाले. त्यामुळे मी संशोधनाच्या विरोधात आहे, असे कृपया कुणी समजू नये. आमच्याही वस्त्यांनी दार उघडावे, असेच मला वाटते. पण विश्वासाने.

आपल्याकडे काय होते ते सांगते. यादवनगरात एक खोली. दहा बाय दहाची, मोरीला पडदा, वर माळा. टॅब घेतलेली मुलगी चटईवर बसून त्या घरच्या सुनेला विचारते, नवरा मारतो का, किती वेळा, कशाने. पडद्यामागे सासू भांडी घासते आहे आणि भांड्यांचा आवाज थांबलेला आहे. सून "नाही, नाही" करत सुटली. मुलीने खुणा केल्या, सही घेतली आणि ती शेजारच्या खोलीत गेली. दोन-तीन दिवसांनी सून बाळाच्या डोसला आली तेव्हा तिचे मनगट सुजलेले होते. "काय काय सांगितलंस त्या बाईला" यावरून घरात वाजले होते. तिच्याकडच्या कागदावर एक मोबाइल नंबर होता. तो लागला नाही. कुठल्या संस्थेचा सर्व्हे, कुठल्या समितीने पास केला, पास झाला होता की नाही, यातले काहीही आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही.

वास्तविक हे कसे करावे, हे आपल्या देशात नीट माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसाचाराचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळत नसेल तर तो भाग सोडून देतात. नवीन औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत 2009 पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही बघता येते. 2019 च्या नियमांनुसार नैतिक समितीत किमान सात सदस्य हवेत, त्यांत वैद्यकशास्त्राबाहेरचा सामान्य माणूस हवा, आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्याच्या सामाजिक संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. अडते ते पुढे. कॉलेजचा प्रकल्प, एखाद्या संस्थेचा अभ्यास, कंपनीच्या सीएसआरमधला (सामाजिक जबाबदारीच्या निधीतला) सर्व्हे वस्तीत शिरतो, तेव्हा त्याची मंजुरी कुठे आहे हे विचारायला वस्तीजवळ जागाच नाही. आरोग्य केंद्रात फलक आहेत, पण त्यावर डेंग्यू आणि लसीकरणाचे वार.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे : एवढी बंधने घातली तर विद्यार्थ्यांचे छोटे अभ्यास बंद पडतील. उशीर होतो हे खरे. भाचीच्या गटाचे काही महिने मंजुरीच्या वाटेवर गेले आणि ती फोनवर चिडलेली असायची. पण मी नवी मंजुरी मागतच नाही. जी घेतलेली असायलाच हवी ती लोकांना दाखवा, एवढेच म्हणते. आणि दाखवायला मंजुरीच नसेल, तर तो अभ्यास वस्तीत येऊ नये, छोटा असला तरी. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा अभ्यास झाला. कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. 2010 मध्ये तो थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक अहवाल दिला. आता आया त्या लसीबद्दल विचारतात तेव्हा आम्ही ती घ्या म्हणतो, कारण ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. तरी काहींच्या मनात ते जुने प्रकरण असतेच.

यादीत फार काही नको. अभ्यासाचे मराठीतले नाव, संस्था, मंजुरी देणाऱ्या समितीचे नाव आणि क्रमांक, सुरू व संपण्याची तारीख, रक्त घेणार की नुसते प्रश्न विचारणार, आणि तक्रारीसाठी दिवसा उचलला जाईल असा फोन. ती महापालिकेच्या संकेतस्थळावर हवी आणि नागरी आरोग्य केंद्राच्या फलकावरही. ठिकाण लिहिताना मात्र प्रभागापर्यंतच थांबावे. एचआयव्ही किंवा क्षयरोगाच्या अभ्यासापुढे गल्लीचे नाव आले, तर त्या गल्लीतल्या मुलींची लग्ने अडतील. हे मी पाहिलेले आहे, म्हणून आवर्जून लिहिते. आणि अभ्यास संपला की काय निष्पन्न झाले, ते त्याच फलकावर चार ओळींत लावायची अट संस्थांना घालावी. दगडखाणीतल्या कामगारांची छाती तपासून गेलेले लोक काय सापडले ते सांगायला परत आलेले मी तरी पाहिले नाहीत.

दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांनी सुरुवातीला एमआयडीसी पट्ट्यातली, कळवा-मुंब्रा आणि वागळे इस्टेटमधली आरोग्य केंद्रे घ्यावीत. सर्व्हेवाले सर्वांत जास्त तिथेच फिरतात. माणसे कमी आहेत हे मला ठाऊक आहे. ऐरोली-दिघा भागात यादी गोळा करून दर महिन्याला फलकावर लावण्याचे काम आम्ही काही निवृत्त एएनएम बिनपगारी करायला तयार आहोत. आरोग्य अधिकाऱ्यांनी बोलवावे, आम्ही येतो.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ऐरोली, नवी मुंबई