जेवणाच्या टेबलावर तू काय विचारशील

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला. तुझ्या अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये नव्या प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी येणाऱ्या उमेदवारांना भेटायला विद्यार्थ्यांमधून तुझी निवड झाली, म्हणून मी आनंदात होते. मग तू सांगितलंस की पहिल्याच बैठकीत कुणी तरी म्हणालं, "आपण फक्त गुणवत्ता बघू या, बाकीचे विषय इथे नकोत," सगळ्यांनी माना हलवल्या आणि तू गप्प बसलीस. तुला त्याचं वाईट वाटत होतं. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. साल १९८८. फौजदारी कायदा शिकवणारे सर भारतीय दंड विधानाचं एकेक कलम फळ्यावर लिहून समजावत. खून, सदोष मनुष्यवध, दुखापत, सगळं तपशिलात. बलात्काराचं कलम ३७५ आलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "हे मुलींनी घरी वाचून घ्यावं." नव्वद जणांच्या वर्गात आम्ही अकरा मुली. मागच्या बाकांवर हसू पिकलं. सर वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते आमची लाज राखताहेत. मी वहीत ३७५ आणि ३७६ असे दोन आकडे लिहिले आणि खाली पान कोरं सोडलं.

ते पान भरलं पुढच्या वर्षी. तासिका तत्त्वावर एक तरुण मॅडम आल्या. एका तासाला त्या मथुरा प्रकरणाचा निकाल घेऊन आल्या आणि उभ्याने वाचू लागल्या. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी केलेला अत्याचार. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती. मॅडमनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: "ओरडली नाही म्हणजे हो म्हणाली का?" आणि खडू ठेवून दिला. पाचएक मिनिटं कुणी बोललं नाही. त्या दिवशी मागच्या बाकांवरही हसू नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं की त्या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये चार कायदा शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्या पत्रानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने संमती नव्हती असं गृहीत धरायचं, हे तेव्हा आलं. म्हणजे आमचे सर खिडकीकडे बघत होते तेव्हा त्या दुरुस्तीला पाच वर्षं झाली होती. आमच्याच राज्यात सुरू झालेला हा इतिहास आमच्या वर्गापर्यंत पोचायला त्या मॅडम लागल्या.

त्या पुढच्या वर्षी आल्या नाहीत. बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षित जागांच्या ठरलेल्या क्रमाप्रमाणे, जागा अनुसूचित जातीसाठी होती, मॅडम त्याच प्रवर्गातल्या, एलएल.एम. झालेल्या, वर्षभर शिकवलेल्या. मुलाखती झाल्या आणि शेरा पडला, "योग्य उमेदवार उपलब्ध नाही." हे चार शब्द मी पुढे सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतक्या फायलींवर बघितले, सई, की ते वाचले की आजही मला तो फळा दिसतो.

म्हणून तू डेरिक बेल यांचं नाव घेतलंस तेव्हा मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये कायम नेमणूक मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक, १९७१ साली. पुढे ओरेगॉनमध्ये ते डीन झाले. तिथल्या प्राध्यापकांनी एका आशियाई-अमेरिकन स्त्रीला घ्यायला नकार दिला म्हणून १९८५ मध्ये त्यांनी डीनपद सोडलं. परत हार्वर्डला आले. १९९० मध्ये तिथे कायम प्राध्यापक साठच्या घरात, त्यांत तीन कृष्णवर्णीय आणि पाच स्त्रिया. कृष्णवर्णीय स्त्री एकही नाही, त्याआधी कधीच नव्हती. बेल म्हणाले, ती येईपर्यंत मी बिनपगारी रजेवर. विद्यार्थ्यांच्या सभेत त्यांच्या बाजूने बोलायला बराक ओबामा नावाचा एक विद्यार्थी उभा राहिला होता. दोन वर्षं झाली, रजेची मुदत संपली, बेल परतले नाहीत आणि १९९२ मध्ये त्यांची नोकरी गेली. तिथे कायम प्राध्यापक झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, लानी गिनियर, आली १९९८ मध्ये. रजेवर गेल्यापासून आठ वर्षं! या आठ वर्षांत किती वर्ग भरले आणि किती वह्यांत कोरी पानं राहिली असतील, हाच विचार माझ्या मनात येतो.

पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांचंही तू सांगितलं होतंस. १९६३ मध्ये रटगर्स विद्यापीठात शिकवायला लागल्या तेव्हा पगार कमी ठरला, कारण नवऱ्याला चांगली नोकरी होती. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा नोकरी जाऊ नये म्हणून सासूबाईंचे सैल कपडे घालून त्या वर्गात जायच्या. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. तुझ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मी पदर पुढे घेऊन शिकवलं होतं. मीही तेव्हा तासिका तत्त्वावरच होते.

आणि तूच म्हणालीस की तुम्हाला कायद्याचं लेखन शिकवणाऱ्या तिघीही स्त्रिया आहेत, तिघी करारावर, आणि संविधान शिकवणारे सगळे कायम प्राध्यापक पुरुष आहेत. याचा विचार कर. मोजताना त्या तिघींचे आकडे सगळ्यांत मिसळले की चित्र बरं दिसतं. कोण कायम आहे, नेमणुकीच्या मतदानाला कोण बसतं, ते वेगळं मोजायला सांग.

तुझी अडचण मला कळते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंश बघायला मनाई केली आणि आता सगळेच जपून बोलतात. नोकरीत तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंश किंवा लिंग बघून कुणाला डावलता येत नाही. अमुक वंशाचीच व्यक्ती घ्या असं तू म्हणू नयेस, आणि मी तसं सांगणारही नाही. पण गुणवत्ता म्हणजे काय, हे विचारायला कुठला कायदा आडवा येतो? तुमच्याकडे चार-दोन ठरावीक विद्यापीठांच्या पदव्या आणि न्यायाधीशांच्या हाताखाली केलेलं काम बघून यादी होते. ज्याने दहा वर्षं घराबाहेर काढलेल्या भाडेकरूंचे खटले लढवले, त्याचा अर्ज त्या यादीपर्यंत पोचतो का? जाहिरात कुठे दिली, शिफारस कुणाची मागितली, हे विचार.

एक सांगते, नाहीतर मी एकाच बाजूने बोलले असं होईल. स्त्री आली म्हणून सगळं बदलतं असं नाही. उघड्या पत्रावर सह्या करणाऱ्या चौघांत दोघे पुरुष होते. आणि माझ्या पहिल्या मुलाखतीत "लग्नानंतर नोकरी सोडणार ना?" हा प्रश्न एका बाईंनीच विचारला होता. पण एकटी स्त्री किंवा एकटा दलित प्राध्यापक विभागात असला की त्याला सगळ्यांच्या वतीने बोलावं लागतं, सगळ्या समित्यांवर बसावं लागतं, आणि लिहायला वेळ उरत नाही. दोघं-तिघं असले की माणूस आपल्या विषयापुरता राहू शकतो. बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावाने आपण कार्यक्रम करतो, पण त्यानंतर त्या खुर्च्यांवर कोण बसलं, ते कुणी मोजत नाही.

गुरुवारी उमेदवारांबरोबर तुमचं जेवण आहे ना? तिथे वाद घालू नकोस. प्रत्येकाला एकच विचार: "तुमच्या विषयात आजवर वर्गात न शिकवलेलं असं काय आहे, जे तुम्ही शिकवाल?" उत्तरं लिहून घे, आणि बैठकीत ती वाचून दाखव.

माझी ती जुनी वही माळ्यावरून काढली आहे. ३७५ चं पान फोटो काढून या पत्रासोबत पाठवते. वरची निळी शाई माझी, खालचा प्रश्न मॅडमचा, मी फळ्यावरून उतरवलेला.

गुरुवारी रात्री फोन कर. इकडे शुक्रवारची सकाळ असेल, मी जागीच असते.

तुझी,
आई