विषय: हिवाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगमधील हलगर्जीपणा व झालेले नुकसान

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

हंगाम संपल्यावर मी माझी कॅरॅव्हॅन (मोटारीमागे जोडून ओढायचे फिरते घर) हिवाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगसाठी तुमच्याकडे दिली होती. परत मिळाली तेव्हा सोबत कामांची यादी होती आणि तिच्यातल्या प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण होती. थंडी सरल्यावर टाकी भरून पंप सुरू केला, तर ओट्याखालून पाणी वाहू लागले. मिक्सर नळ आतून तडकला आहे आणि पंपालाही भेग गेली आहे.

‘पाण्याची यंत्रणा पूर्ण रिकामी केली’ या ओळीपुढेही खूण आहेच. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, त्यामुळे नुसती टाकी रिकामी करून भागत नाही. गीझरचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडावा लागतो, पंपात साचलेले पाणी काढावे लागते, आणि मिक्सरचा दांडा मधोमध ठेवून नळ उघडे सोडावे लागतात, म्हणजे गरम-थंड दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. काम झाल्यावर तुम्हीच पाठवलेल्या फोटोंत सगळे नळ बंद दिसतात. तरी तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, “थंडीत असं होतंच.” ते होऊ नये म्हणूनच तर गाडी तुमच्याकडे दिली होती!

नळ-पंप बदलता येतील. कपलिंगचा, म्हणजे कॅरॅव्हॅन मोटारीला जोडणाऱ्या कडीचा, प्रकार मात्र जिवावर बेतणारा आहे. माझ्या कपलिंगला स्टॅबिलायझर आहे. तो घर्षणाच्या पॅडनी टो-बॉल (मोटारीच्या मागचा जोडणीचा गोळा) आवळून धरतो, म्हणून कॅरॅव्हॅन मागे डोलत नाही. साध्या कपलिंगला ग्रीस लावतात. इथे बॉल आणि पॅड कोरडेच हवेत. तुमच्या माणसाने आत ग्रीस चोपडले आहे. ब्रेकच्या लायनरला तेल पाजावे तसे हे झाले. पॅडमध्ये ग्रीस मुरले की ते पुसून उपयोग नसतो.

‘ओलावा: ठीक’ म्हणजे किती? भिंतींतला ओलावा मीटरवर 15 टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही, 20 च्या वर गेला तर पाणी कुठून शिरते ते शोधावे लागते. यादीत आकडाच नाही. ‘टायर: चांगले’चीही तीच गत. खाचा शाबूत असल्या तरी उभ्या गाडीचे टायर वयाने चिरतात, आणि ते वय टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांत, आठवडा व वर्ष असे, लिहिलेले असते. बॅटरीपुढे मात्र 12.7 व्होल्ट असे नोंदवले आहे. या यादीतली तेवढी एकच ओळ मी खरी मानतो.

नळ, पंप आणि स्टॅबिलायझरचे पॅड विनामूल्य बदलून द्यावेत. ओलाव्याची तपासणी पुन्हा करून गाडीच्या आराखड्यावर जागोजागी आकडे लिहून द्यावेत. पॅड बदलेपर्यंत मी ही गाडी रस्त्यावर ओढणार नाही, त्यामुळे ती न्यायची-आणायची सोयही तुम्हीच करायची आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक

सोबत: कामांच्या यादीची प्रत, नळ, पंप व कपलिंगचे फोटो