पायी वारीतले न बोललेले

मा. संपादक,

कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी ज्येष्ठात निघते आणि महिनाभराहून अधिक चालून आषाढीला पंढरपुरात पोचते. मी या वाटेने दोनदा चाललो. परतल्यावर सगळे पाया पडतात, प्रसाद मागतात. पायांचे काय झाले, ते कोणी विचारत नाही, आणि आपणही सांगत नाही.

माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडून गळाली. पाचव्या दिवशी टाचेचा फोड फुटला, मोजा जखमेला चिकटला. सोबतच्या काकांना मधुमेह होता. त्यांच्या तळव्याला संवेदनाच उरली नव्हती. जखम चिघळली तेव्हा त्यांना दुखण्याने नाही, वासाने कळले! त्यांना अर्ध्या वाटेतून घरी पाठवावे लागले, तेव्हा ते लहान मुलासारखे रडले.

ज्येष्ठातले आपल्याकडचे ऊन काय असते, हे वेगळे सांगायला नको. घामासोबत मीठही जाते. नुसते पाणी पिऊन चक्कर थांबत नाही, मीठ-साखरेचे पाणी लागते. बायकांचे हाल तर फार. आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत.

आणि पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने चालताना मागून येणाऱ्या ट्रकची भीती मला आजही झोपेतून जागे करते.

दिंडीप्रमुखांना हात जोडून विनंती आहे : निघण्यापूर्वी प्रत्येकाची साखर आणि पाय तपासून घ्या, शेवटच्या माणसाच्या हाती बॅटरी द्या, मुक्कामी बायकांसाठी आधी आडोसा उभारा. यंदा मी पुन्हा निघणार आहे.

– एक वारकरी, ता. तिवसा, जि. अमरावती