शाईने खोडलेले शब्द

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली एडना ओब्रायन यांची ‘द कंट्री गर्ल्स’ ही कादंबरी काल रात्री वाचून संपवली. चौदा वर्षांची केथलीन पहाटे दचकून जागी होते आणि बाप रात्री घरी आलेला नाही हे तिला आठवते, तिथेच मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. त्या आयरिश खेड्यात बापाच्या दारूपायी शेत हातचे चालले आहे आणि सतत धास्तीत जगणारी आई एके दिवशी तळ्यात बुडते. तिचे प्रेतही सापडत नाही, त्यामुळे पोरीला फुले वाहायला थडगेसुद्धा उरत नाही. लेखिका तिथे जराही गळा काढत नाही, म्हणूनच तो भाग मला सर्वांत जड गेला.

केथलीनच्या मैत्रिणीचे नाव ‘बाबा’ आहे हे पाहून आधी हसू आले, पण ती पोरगी धाक मात्र खरोखर बापासारखाच घालते. दोघी कॉन्व्हेंट शाळेतून काढल्या जातात आणि डब्लिनला येतात. गावात ‘मिस्टर जेंटलमन’ म्हणून ओळखला जाणारा तो विवाहित गृहस्थ मला पहिल्या भेटीपासूनच आवडला नाही. अखेर त्याची तार येते, तो येत नाही.

1960 साली पुस्तक निघाले आणि आयर्लंडच्या सेन्सॉर मंडळाने त्यावर बंदी घातली. क्लेअर परगण्यातल्या आपल्या गावी धर्मगुरूने प्रती जाळल्याचे ओब्रायन सांगत असत. पण माझ्या मनातून जात नाही ती निराळीच गोष्ट. कादंबरी त्यांनी आईला अर्पण केली होती, आणि आईच्या मृत्यूनंतर लोडाच्या अभ्र्यात दडवलेली तिची प्रत त्यांना सापडली, तेव्हा अर्पणपत्रिकेचे पान फाडलेले होते आणि आक्षेपार्ह शब्द काळ्या शाईने खोडलेले होते. तुला त्या आईचा राग येईल. मला आला नाही, कारण शब्द खोडायचे तर ते आधी वाचावे लागतात, आणि ज्या गावात प्रती जाळल्या गेल्या असे म्हणतात तिथल्या या बाईने आपली प्रत चुलीत न घालता जपून ठेवली होती.

तू नववीत असताना तुझ्या निळ्या वहीतले एक पान नाहीसे झाले होते, आणि तू विचारलेस तेव्हा उंदरांनी कुरतडले असेल असे मी सांगितले होते. ते पान मी फाडले होते. तुझ्या बाबांच्या रागाविषयी आणि माझ्या गप्प बसण्याविषयी तू त्यात जे लिहिले होतेस, ते घरात कोणाच्या हाती लागू नये, असे मी तेव्हा स्वतःला समजावले. ते पान माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. दिवाळीला येशील तेव्हा मागून घे.

तुझी,
आई