बंड्या, त्या कॉइलचे पैसे अजून भरू नकोस

रत्नागिरी
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

आधी मुद्द्याचं. सोनं शोधायच्या मेटल डिटेक्टरच्या त्या 17 इंची कॉइलची (जमिनीवर फिरवायच्या तबकडीची) ऑर्डर दिली नसशील तर थांब, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी. गेल्या महिन्यात मी व्हॉट्सॲपवर ठोकून दिलं होतं ना, "नवीन कॉइल जुनीपेक्षा दोन इंच जास्त खोल जाते, डोळे मिटून घे", ते मी मागे घेतो. फोनवर सांगितलं असतं पण तू मधेमधे बोलतोस आणि माझं अर्धं राहून जातं.

तू मे महिन्यात ती नवीन कॉइल इथे ठेवून गेलास तेव्हा म्हणालास, "तुमच्या जांभ्यावर जी गप्प बसेल ती ऑस्ट्रेलियात बेंडिगोत कुठेही चालेल." बरोबरच होतं ते. पण पाऊस असा लागला की ऑगस्टपर्यंत अंगणात पाय ठेवायची सोय नव्हती, मग मी घरातच उद्योग केला. ओटीवरच्या लाकडी बाकावर जीपीएक्स, म्हणजे आपला डिटेक्टर, आडवा ठेवला, समोर लाकडी फूटपट्टी, आणि पट्टीवरून शिशाची गोळी हळूहळू मागे नेत गेलो. गोळ्या म्हणजे पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) शिशाचेच तुकडे, इथल्या एका मासेमारी करणाऱ्या काकांनी मूठभर दिले, ते ठोकून सोनाराच्या काट्यावर वजन करून घेतले, एक बरोब्बर 1 ग्रॅम, एक गुंजभर. (सोनार विचारतो, "शिसं कशाला तोलताय?" काय सांगणार त्याला. मातीतलं सोनं वेडंवाकडं आणि चांदी मिसळलेलं असतं, त्यामुळे डिटेक्टरला ते शिशासारखंच ऐकू येतं, हे त्याला पटलं नसतंच.)

तर जुनी 11 इंची मोनो (एकच वेटोळं चुंबकी झटका, म्हणजे पल्स, सोडतं आणि तेच ऐकतं) 9 इंचांवर गप्प झाली आणि तुझी लंबगोल 14 बाय 9 ची 11 इंचांपर्यंत बोलत राहिली. मी खूश होऊन लगेच तुला मेसेज टाकला. आता बघ यात मी किती गाढवपणा केला ते. एकतर हवेत जमीन नसते, आणि आपली सगळी भांडणं जमिनीशी. दुसरं, गोळी कुठे आहे ते मला दिसत होतं, आणि दिसत असलं की कान ऐकतो रे, नसलेला आवाजसुद्धा ऐकतो. आणि तिसरं तर मला लाज वाटायला लावणारं, कारण तू इंजिनियर आणि मीही त्याच वर्गातला. कॉइलच्या मापापेक्षा लांब गेलं की सिग्नल अंतराच्या सहाव्या घाताने पडतो, म्हणजे दुप्पट खोल जायला 64 पट जोर हवा. 9 आणि 11 इंच म्हणजे अजून कॉइलच्या मापातच, तिथे हिशोब इतका कडक नाही, तरी त्या दोन इंचांसाठी अडीचपट सिग्नल लागतो. मशीन तेच, पल्स तोच, कॉइल साधारण त्याच मापाची आणि त्याच 300 मायक्रोहेन्री इंडक्टन्सच्या (वेटोळ्याच्या विद्युत मापाच्या) आसपासची, मग अडीचपट कुठून आणणार? मी हा हिशोब मेसेज टाकायच्या आधी करायला हवा होता, केला नंतर चार दिवसांनी, रात्री झोप येईना म्हणून.

मग नवरात्रात उघाड पडली तशी नीट टेस्ट करायचं ठरवलं. आपल्या घरामागे जुनी चिरेखाण आहे ना, जिथे तू उतरताना चप्पल तोडलीस, तिचा एक काठ सरळ कापलेला आहे, वरती सपाट कातळ आणि समोर उभी भिंत. जमिनीत खड्डा खणून गोळी पुरली की माती हलते, आणि हललेली माती वेगळं बोलते, मग गोळीचा आवाज की खड्ड्याचा हे कळत नाही. म्हणून मी एका एसीवाल्याकडून लांबडा बिट मागून आणला आणि त्या भिंतीत आडवी भोकं पाडली, वरच्या कातळापासून 6 इंच खाली एक आणि 9 इंच खाली एक. बांबूच्या कामटीच्या टोकाला गोळी चिकटवून आत सरकवली की वरचा जांभा जसाच्या तसा, एक खडासुद्धा हललेला नाही. आणि कॉइल काठाच्या फार जवळ न्यायची नाही, नाहीतर तो काठच बोंबलतो.

खरी गंमत भाच्याने केली. त्याने स्टीलच्या डब्यात 40 चिठ्ठ्या टाकल्या, 20 वर "आहे", 20 वर "नाही". चिठ्ठी काढायची, त्याप्रमाणे गोळी लावून किंवा नुसती कामटी आत सरकवायची, मी वरती हेडफोन लावून भिंतीकडे पाठ करून कॉइल फिरवायची आणि हो की नाही सांगायचं. तो वहीत लिहिणार, मला शेवटपर्यंत दाखवणार नाही. दोन कॉइल, आणि 6 व 9 इंच अशी दोन अंतरं. आणि एक सांगतो, लाईट गेलेली असताना केलं हे सगळं, कारण वरून जाणाऱ्या तारांमुळे दोन्ही कॉइल किरकिर करतात. आयुष्यात पहिल्यांदा लाईट जायची वाट बघितली.

6 इंचांवर जुनीने 20 पैकी 19 वेळा गोळी पकडली, नवीनने 20 च्या 20. वा, म्हणशील. पण गोळी नसताना जुनी एकदाच खोटं बोलली आणि नवीन 4 वेळा. 9 इंचांवर जुनी 11, नवीन 13, आणि खोटं बोलणं जुनीचं 3 वेळा, नवीनचं 8 वेळा. म्हणजे जास्त पकडते कारण जास्त वेळा "हो" म्हणते, एवढंच! ते "हो" म्हणणारी कॉइल नव्हती, मी होतो, हे खरं, पण मला हो म्हणायला लावणारी कुरकुर तिची होती. आता तूच विचार कर, तिकडे जानेवारीच्या उन्हात त्या कडक मातीत प्रत्येक खोट्या "हो"मागे कुदळ मारायची म्हणजे काय. तुझी कंबर आधीच गेलेली.

जांभ्याचं काय आहे, त्यातलं लोखंड नुसतं चुंबकाला चिकटण्यापुरतं नाही, पल्स बंद झाल्यावरही ते थोडा वेळ हळूहळू विझत राहतं, आणि आपलं मशीन नेमकं तेव्हाच कान देऊन बसलेलं असतं. मोनो कॉइल हे सगळं ऐकते. डबल डी (सोडायचं वेटोळं वेगळं, ऐकायचं वेगळं) लावून बघितली, ती शांत, पण मग खोली जाते. फुकट काही मिळत नाही.

मात्र कॉइल वाईट आहे असं म्हणू नकोस हं. गुंजभर गोळी घेतली, वरच्या वरच, तर नवीन 3 इंचांवर स्पष्ट बोलली आणि जुनी जेमतेम 2 वर, तेही मी श्वास रोखून ऐकलं तेव्हा. हे चिठ्ठ्यांशिवाय केलं, म्हणून यावर शपथ घेणार नाही, पण कारण समजतं. बारीक सोन्याचा सिग्नल काही मायक्रोसेकंदांत मरतो, त्याआधी कॉइल स्वतः शांत व्हायला हवी, आणि तिथेच बनवणाऱ्याचा हात दिसतो, तार चपटी गुंडाळली आहे का, शील्ड कसं दिलंय, केबल कशी आहे. त्यात हा माणूस हुशार आहे. खोलीची जाहिरात उगाच करतो.

एक फजिती सांगायची राहिली. मधे एकदा मांडवीला सुक्या वाळूत घेऊन गेलो (ओल्या वाळूत मिठामुळे ती गातेच, ते धरलेलंच होतं), तर अर्धा तास कॉइल अशी भुणभुणत होती की मी बनवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शेवटी खालची प्लेट काढली तर आत काळी वाळू गच्च भरलेली. मांडवीची वाळू, घरात पायाला लागून येते ती चुंबकाने उचलता येते, आणि मी प्लेटच्या कडा टेपने बंद न करता गेलो. चूक माझी, शिव्या परत घेतल्या.

त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींचं मंगळसूत्र भाट्याच्या वाळूत पडलं. मला वाटलं चुटकीसरशी काढून देऊ. पण साखळी म्हणजे सुट्या सुट्या कड्या, प्रत्येक कडी आपापली बारीक, चार बोटांखाली गेली की मशीनला ती दिसतच नाही. दोन तास गेले, जुनी कॉइल लावली आणि मिळालं ते वाट्यांमुळे. वाट्या बोलल्या, साखळी नाही. तेव्हापासून वाडीत माझा भाव वाढलाय, पण त्याचा त्रासही आहे. वरच्या आळीतले एक आजोबा रोज येतात, त्यांच्या पणजोबांनी पुरलेला हंडा शोधून द्यायला, आणि वर विचारतात, "राखणदाराला नारळ दिलास का?" मी सांगितलं, आजोबा, 1878 चा कायदा आहे, 10 रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. त्यावर म्हणतात, "मग कलेक्टरला नारळ देऊ." सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, तर मी मशीन नेतच नाही, तिथे कातळशिल्पं आहेत, कुदळीचा आवाजसुद्धा नको. आणि कोकणात सोनं कुठलं आलंय, बेसॉल्ट आणि जांभा, मी इथे फक्त कॉइल तपासतो हे आईलासुद्धा अजून पटलेलं नाही.

तर माझं मत. तुझ्या त्या उथळ ओहळांत, जिथे वीतभर मातीखाली खडक लागतो, तिथे ही 14 बाय 9 ठेव, बारकं सोनं देईल. 17 इंची मात्र फक्त खोलीसाठी घेणार असशील तर नको. तूच मला तिकडच्या मोलियागुलला नेऊन दाखवलं होतंस, 1869 मधला तो 70 किलोचा सोन्याचा गोळा, वेलकम स्ट्रेंजर, झाडाच्या मुळाशी वरच्यावर होता म्हणून. आणि माझ्या जांभ्यावर विसंबू नकोस, तुझी माती वेगळी. शनिवारी बायकोला डबा आणि 40 चिठ्ठ्या दे, तिच्या हातून आडव्या भोकात गोळी सरकवून घे आणि तू पाठ करून उभा राहा. आधी जुन्या कॉइलने, आकडे मला कळव.

डिसेंबरात आत्तेभाऊ तिकडे येतोय, त्याच्याबरोबर कॉइल आणि आईची फणसपोळी पाठवतो. वहीचा फोटो वेगळा पाठवतोय. शेवटच्या पानावर भाच्याने बिल लावलंय, 160 वेळा कामटी सरकवली, दर वेळेला 1 रुपया. तुझ्या वाटणीचे 80 लवकर पाठव, तो रोज विचारतो.

तुझाच,
बाळ्या