तिबोटी खंड्याच्या बिळासमोर तंबू नको

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मिरग लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात फोटोवाल्यांच्या गाड्या यायला सुरवात होते, आणि सगळ्यांना एकच पाहिजे असतो, तिबोटी खंड्या. त्यांची हौस मला कळते हो, मी पण गेली 12 वर्षं कॅमेरा घेऊन फिरतोय आणि तो पक्षी आहेच तसा, जेमतेम 13 सेंटीमीटरचा जीव, लाल चोच, पिवळं पोट, पंख गडद निळे, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, काळोखातून सर्रकन गेला की निखारा उडाल्यासारखं वाटतं.

पण पावसात तो आपल्याकडे येतो ते पिल्लं काढायला. व्हाळाच्या (ओढ्याच्या) नाहीतर बांधाच्या मातीत नर-मादी दोघं मिळून बीळ खणतात, कधी कधी मीटरभर लांब, अंडी पण दोघं आळीपाळीने उबवतात, आणि मग साधारण तीन आठवडे दिवसभर नुसती पळापळ, सापसुरळी आण, खेकडा आण, कोळी आण. हे सगळं भर पावसात. आणि नेमकं ह्याच वेळी बिळासमोर आठ-दहा फुटांवर तंबू ठोकतात.

गेल्या वर्षी आमच्याच कुळागरात चौघे आले, "काका, दोनच मिनिटं" म्हणाले, मी घरी गेलो नि परत येऊन बघतो तर बिळाच्या तोंडावरचे नेचे आणि फांद्या कोयत्याने साफ केलेल्या आणि समोर शेवाळ लागलेली एक काठी रोवलेली, का तर खंड्या तिच्यावर बसला की फोटो चांगला येतो. खंड्या पलीकडे सुपारीच्या मागे तोंडात सापसुरळी धरून बसून होता, मी घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटं तो बिळाकडे गेला नाही आणि आत पिल्लं ओरडत होती. चौघांना मी उठवलं पण आडोसा गेला तो गेलाच, तिसऱ्या दिवशी बीळ उकरलेलं, मुंगसाने की घोरपडीने ते कळलं नाही. आत काही उरलं नव्हतं. त्यांना कुळागरात जाऊ देणारा मीच, ते अजून मनातून जात नाही.

लोकांना वाटतं अभयारण्याच्या बाहेर खाजगी जमीन आहे म्हणजे काहीही चालतं. तसं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्याच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणं पण येतं, मग जमीन कुणाची का असेना. वनखात्याने हे पावसाच्या आधी गावागावात सांगायला पाहिजे, कुळागरवाल्यांना आणि गाईड म्हणून फिरणाऱ्या पोरांना पण.

आणि साहेब, एक विनंती तुम्हाला. बऱ्याच फोटो स्पर्धांत आता घरट्याजवळचे फोटो घेतच नाहीत, पेपरातही तसंच करा. तोंडात भक्ष्य धरून बिळाजवळच्या काठीवर बसलेला खंड्या कितीही सुंदर दिसला तरी छापू नका आणि दुसरा कुठला फोटो छापलात तर खाली गावाचं नाव नको, कारण एकाने वाचलं की पुढच्या रविवारी दहा जण हजर होतात.

फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. व्हाळाच्या खालच्या अंगाला, बिळापासून लांब, त्याच्या ठरलेल्या दोन-तीन फांद्या असतात, तिथे तो रोज येतो, गुपचूप बसा, फ्लॅश नको, मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं नको. उजेड कमी असतो, फोटोत दाणे येतात, येऊ देत की! माझा सगळ्यात आवडता फोटो असाच आहे, चार सकाळी बसलो तेव्हा मिळाला.

यंदा त्याच बांधावर थोडं पुढे परत माती उकरलेली दिसतेय, काल संध्याकाळी जोडी पण दिसली. म्हणून ह्या पत्रात मी माझ्या वाड्याचं नाव लिहीत नाही, माझं नाव पण छापू नका.

आपला,
एक वाचक, सत्तरी